डाइव्ह बॉम्बिंग : बॉम्ब कुठल्या उंचीवर सोडायचा, हे ठरवतं कोण?

मुक्ता_सॅनडिएगो

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आई-बाबांना घेऊन इथल्या 'मिडवे' या विमानवाहू जहाजावर गेले होते. जहाजाचं आता संग्रहालय झालंय. आजूबाजूला सगळी जेट विमानं, आणि त्यांच्यात एक जाडजूड, नाकावर भलामोठा पंखा असलेलं विमान उभं होतं, स्कायरेडर. माहिती सांगायला एक स्वयंसेवक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. हाताचा तळवा तिरका धरून ते सांगत होते, "असा सूर मारायचा, ठरलेल्या उंचीवर बॉम्ब सोडायचा आणि विमान वर घ्यायला काठी पोटाशी ओढायची."

बाबा वीज मंडळात इंजिनियर होते. त्यांनी लगेच विचारलं, "उंची कोणी ठरवली?" आजोबा म्हणाले, "पुस्तकात दिलेली असायची." बाबा म्हणाले, "आणि पुस्तकात कोणी लिहिली?" तेवढ्यात शाळेच्या मुलांचा घोळका आला आणि बोलणं तिथेच राहिलं. बाबा तेव्हापासून त्याच प्रश्नावर अडून आहेत.

माझे दोन प्रश्न. दुसरं महायुद्ध संपलं, जेट आली, अणुबॉम्ब आला, तरी सूर मारून बॉम्ब टाकण्याचं शिक्षण का चालू राहिलं? आणि पुस्तकातला तो आकडा नेमका कुठून येतो?

रानपाखरू

वाचतेय. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, प्रश्न एक नंबर आहे.

इतिहासवेडा

स्कायरेडर माझं अत्यंत आवडतं विमान, त्यामुळे राहवत नाही.

डग्लस कंपनीचे एड हाइनमन आणि त्यांचे दोन सहकारी जून १९४४ मध्ये वॉशिंग्टनला नौदलाच्या बैठकीला गेले होते. त्यांचं आधीचं डिझाइन पसंत पडेना. हाइनमननी एका रात्रीची मुदत मागितली आणि हॉटेलच्या खोलीत बसून तिघांनी नव्या विमानाचा आराखडा काढला. १८ मार्च १९४५ ला ते पहिल्यांदा उडालं. ऑगस्टमध्ये युद्ध संपलं, म्हणजे ज्या लढाईसाठी बनवलं ती याला मिळालीच नाही.

तोवर अमेरिकी नौदलात डाइव्ह बॉम्बर वेगळा आणि टॉर्पेडोवाला (पाण्यातून जाऊन आदळणारं अस्त्र टाकणारा) वेगळा, आणि दोन्हींत वैमानिकाबरोबर आणखी माणसं असत. स्कायरेडरमध्ये एकच वैमानिक, आणि दोन्ही कामं त्याचीच. १९४६ मध्ये नौदलाने 'अटॅक' असा एकच वर्ग केला आणि या विमानाचं नाव एडी पडलं. १९५७ पर्यंत ३,१८० विमानं बनली. पंखांखाली आणि पोटाखाली मिळून शस्त्रं टांगायच्या १५ जागा. धडाच्या दोन्ही बाजूंना आणि पोटाखाली दारासारखे उघडणारे तीन ब्रेक. सूर मारताना वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून ते. मुक्ताताई, पुन्हा गेलात तर चाकांच्या मागे वाकून बघा.

शंकेखोर

विमान सुंदर आहे, मान्य. पण डाइव्ह बॉम्बिंग १९४५ लाच संपलं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनांच्या स्टुका या डाइव्ह बॉम्बरचं काय झालं बघा. आकाशात शत्रूची लढाऊ विमानं असतील तर सरळ रेषेत खाली येणारं विमान म्हणजे आयतं सावज. खालच्या तोफांनाही तेच सोपं. नंतर दहा-पंधरा वर्षं शिकवत राहिले, कारण शिकवणारे सगळे महायुद्धातल्या पॅसिफिकच्या आघाडीवरून आलेले होते. जे आपल्याला येतं तेच माणूस पुढच्याला शिकवतो.

इतिहासवेडा

@शंकेखोर, मग कोरियाचं युद्ध वाचा. 'प्रिन्स्टन' जहाजावरच्या व्हीए-१९५ स्क्वाड्रनने मार्च १९५१ मध्ये किल्चूजवळच्या दरीतला उंच रेल्वे पूल स्कायरेडरनीच पाडला. दरी अरुंद. खूप उंचावरून सपाट उडत टाकलेले बॉम्ब तिथे डोंगरात गेले असते.

आणि ह्वाचॉन धरण! ३० एप्रिल १९५१ ला स्कायरेडर २,००० पौंडी बॉम्ब आणि मोठी रॉकेट घेऊन गेले. धरणाचे दरवाजे तुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, आठ स्कायरेडर टॉर्पेडो घेऊन गेले. बहुतेक वैमानिकांना टॉर्पेडोचा सराव असा नव्हताच. आठांपैकी सहा नीट जाऊन आदळले, मधला दरवाजा उडाला. स्क्वाड्रनचं नाव त्यानंतर 'डॅमबस्टर्स' झालं.

शंकेखोर

अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! सूर मारून टाकलेले बॉम्ब धरणावर चालले नाहीत, शेवटी टॉर्पेडोच लागले.

इतिहासवेडा

धरणापुरतं बरोबर. २०-३० फूट चुकलेला बॉम्ब पुलाला हादरवतो, दरवाजाला काही करत नाही. पण माझा मुद्दा असा की जमिनीवरच्या सैन्याला जवळून मदत करायची, बोगद्याचं तोंड बंद करायचं, पुलाचा गाळा पाडायचा, या कामांसाठी त्या काळी दुसरं काय होतं? दिशा बदलू शकणारा बॉम्ब सर्रास मिळायला व्हिएतनामची अखेरची वर्षं उजाडली. तोवर बॉम्बला डोळे नव्हते. नेम वैमानिकानेच धरायचा.

मेकॅनिकल_मन

मुक्ता, तुझ्या बाबांसाठी थोडं गणित करतो. पुस्तकातले आकडे नाहीत हे, उदाहरणादाखल माझे मी धरलेत.

विमान ६० अंशांत खाली येतंय, वेग ३०० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे १५४ मीटर. त्यातला खाली जाण्याचा भाग सेकंदाला १३४ मीटर. कुतुबमिनारची उंची ७३ मीटर धरली तर दर सेकंदाला जवळजवळ दोन कुतुबमिनार.

आता बॉम्ब सोडून काठी ओढली. वैमानिकावर ४ जी भार येईल इतक्या जोराने वळवलं, तर विमान आडवं होईपर्यंत साधारण ३७० मीटर उंची खर्च होते. पण भार एकदम येत नाही, तो चढायला सेकंदभर जातो. हात हलायला आणखी एक सेकंद. ते झाले २७० मीटर. म्हणजे ९०० मीटरवर बॉम्ब सोडला तर तळाला हाती उरतात २६० मीटर.

आता हाच वेग चुकून ३५० नॉट झाला तर? वळणाला लागणारी उंची वेगाच्या वर्गाने वाढते. ३७० चे ५०० मीटर होतात, शिवाय प्रत्येक सेकंदाला जास्त खाली जाता ते वेगळंच. २६० मधले ऐंशी-नव्वद उरतात. त्यात माणूस दोन सेकंद 'अजून जरा नेम नीट लावू' म्हणाला, की संपलं. म्हणून ते ब्रेक. विमान थांबवायला नाहीत ते, वेग ठरलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नये म्हणून आहेत.

झाला पहिला अर्धा भाग. हे ४ जी, हे ३०० नॉट चालतील, पंख जागेवर राहतील, हे कोणी सांगितलं? तिथे चाचणी वैमानिक येतो. जेवून आल्यावर लिहितो.

सुप्रिया_क

दोन कुतुबमिनार वाचून पोटात गोळा आला. ४ जी म्हणजे माणसाचं नक्की काय होतं?

डॉ_पावसाळी

६० किलोचं माणूस २४० किलोचं होतं. रक्तही तितकंच जड, ते पायांकडे उतरतं. हृदयाला ते डोक्यापर्यंत चढवता येईना की आधी डोळे सांगतात. रंग फिके होतात, कडेचं दिसेनासं होऊन बोगद्यातून बघितल्यासारखं होतं, मग सगळं काळं. पुष्कळदा शुद्ध असते पण दिसत काही नाही. साधारण माणसाला कुठल्याही मदतीशिवाय ४ ते ५ जीच्या आसपास हे सुरू होतं. पोटऱ्या, मांड्या, पोट आवळून धरायला शिकवतात. पोटाला आणि पायांना आपोआप हवा भरून आवळणारा जी-सूट जेमतेम एक-दीड जीची भर घालतो, पण तेवढ्यावर जीव वाचतो. महायुद्धातल्या स्टुकामध्ये तर वैमानिकाचे डोळे मिटले तरी विमान आपोआप वर यावं अशी यंत्रणा होती.

मेकॅनिकल_मन

हां, तर चाचणी.

नवीन विमानाचा सांगाडा आधी जमिनीवर तोडून बघतात. रोजच्या वापरात जास्तीत जास्त जितका भार येईल असं धरलंय त्याच्या दीडपट भार सहन झाला पाहिजे, हा जुना नियम. पण जमिनीवर पंख वाकवणं वेगळं आणि हवेत वेगळं. वेग वाढला की शेपटीवरची हवा बदलते, काठी दगडासारखी घट्ट होते किंवा एकदम ढिली पडते. म्हणून माणूस पाठवायचा.

तो पायरी-पायरीने जातो. आज ३० अंश, कमी वेग, हलका ओढा. उतरला की विमानाभोवती फिरून रिव्हेट बघायचे, पत्र्यावर सुरकुती आली का बघायचं. उद्या थोडा जास्त. मग ४५, मग ६०. त्या काळात विमानात एक छोटी पेटी बसवत. आत काजळी धरलेली काच आणि तिच्यावर टेकलेली बारीक सुई. वेग वाढला की सुई एका दिशेला सरके, जी वाढला की दुसऱ्या. विमान खाली आलं की काजळीत ओरखड्यांचं एक चित्र उमटलेलं असे, आणि त्या चित्राची बाहेरची कड म्हणजे आज आपण कुठपर्यंत जाऊन आलो ते.

कंपनीच्या वैमानिकाने हे करून दाखवलं की विमान नौदलाच्या चाचणी केंद्राकडे, मेरीलँडमधल्या पटक्सन्ट रिव्हरला. केंद्राला हे रूप १९४५ मध्ये मिळालं. तिथे नौदलाचे वैमानिक तेच पुन्हा करत, शिवाय बॉम्ब टांगून. सुटलेला बॉम्ब हवेत डोलून पंख्याला किंवा शेपटीला लागत नाही ना, हे वेगवान कॅमेऱ्याने टिपत. जुन्या डॉन्टलेस विमानात पोटाखालचा बॉम्ब पंख्यापासून दूर झुलवायला एक काटाच असे.

या सगळ्यातून वेगाच्या काट्यावर एक लाल रेघ येते आणि पुस्तकात एक तक्ता येतो. अमुक कोन, अमुक वेग, अमुक उंची.

परदेशी_पाहुणा

मी पटक्सन्टपासून पाऊण तासावर राहतो. तळाच्या बाहेर संग्रहालय आहे, मुलांना घेऊन दोनदा गेलोय. चाचणी वैमानिकांच्या तिथल्या शाळेत अ‍ॅलन शेपर्ड आणि जॉन ग्लेन दोघेही शिकले, दोघेही पुढे अंतराळात. आणि नील आर्मस्ट्राँग! सप्टेंबर १९५१ मध्ये कोरियात बॉम्ब टाकायला खाली आला असताना त्याच्या पँथर जेटचा पंख आडव्या ताणलेल्या केबलला लागून तुटला. तसंच विमान त्याने आपल्या हद्दीपर्यंत आणलं आणि उडी मारली. वय २१. चाचणी वैमानिक तो नंतर झाला.

रानपाखरू

२१!!! माझा भाचा २१ चा आहे. सकाळी उठवायला तीन हाका माराव्या लागतात.

वास्कोचे_आबा

मी नौदलात होतो, गोव्याला, सत्तरच्या दशकात. वैमानिक नाही, आर्मामेंटवाला. सी हॉक विमानांना बॉम्ब आणि रॉकेट आम्ही लावायचो. इथे सगळं विमानाच्या आतून चाललंय, म्हणून खालून कसं दिसतं ते सांगतो.

सरावाला खरा बॉम्ब नसतो. २५ पौंडी छोटा असतो, आत धुराची काडतूस. पडला की पांढरा धूर निघतो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चुन्याने आखलेली वर्तुळं, एकात एक, मधोमध निशाण. दोन बाजूंना दोन मनोरे. दोन्ही मनोऱ्यांवरून धुराचा कोन मोजायचा, दोन रेघा कागदावर मारायच्या, जिथे छेदतील तिथे बॉम्ब. मग रेडिओवर सांगायचं, 'चार वाजता, चाळीस यार्ड'. घड्याळाचे बारा म्हणजे विमान ज्या दिशेने जातंय ती दिशा. सहा वाजता म्हणजे कमी पडला.

नवीन मुलाचा पहिला बॉम्ब जवळजवळ नेहमी सहा वाजताच पडायचा. खाली बघून छाती दडपते, म्हणून उतार पुरता घेत नाही. चाळीस अंश वाटले तरी असतात तीस. आमचे एक चीफ मनोऱ्यावरून नुसतं विमानाकडे बघून सांगायचे, 'शॅलो आहे, शॉर्ट जाणार'. धूर निघायच्या आधी! वर्षभराने मलाही ते दिसायला लागलं.

हळूहळू सहा वाजताचे बॉम्ब मध्यावर यायचे. आणि मग उलट भीती. चांगले पडायला लागले की मुलगा अजून चांगला पाडायला बघतो, आणखी खाली येतो. रेंज ऑफिसरचा जीव तेव्हा खरा टांगणीला. खालची मर्यादा मोडली की रेडिओवर एकच शब्द, त्या दिवसाचा सराव बंद, विमान परत. बॉम्ब बरोबर मध्यात पडला असला तरी गुण शून्य. एका मुलाचा मध्यात पडलेला बॉम्ब असाच रद्द झाला होता. रात्री मेसमध्ये तो रडला. पुढे फार चांगला वैमानिक झाला.

मेकॅनिकल_मन

आबा, हे सोनं आहे. तुमच्या चीफचं निदान शास्त्राला धरून आहे. बॉम्ब सुटल्यावर विमानाच्या रेषेत सरळ जात नाही, गुरुत्वाकर्षणाने थोडा खाली वाकतो. म्हणून नेमाची काच आधीच तेवढी खाली झुकवून ठेवतात. ती झुकवणी एका ठरावीक कोनासाठी, वेगासाठी आणि उंचीसाठी असते. उतार कमी पडला, वेग कमी पडला किंवा बॉम्ब लवकर सुटला, तर तो अलीकडे पडणार. उलट केलं की पलीकडे. उतार जितका तीव्र तितकी ही वाकण्याची चूक कमी, म्हणून तर ६० अंशांचा सोस.

इतिहासवेडा

यावरून व्हल्टी व्हेन्जन्स आठवलं. हे महायुद्धातलं, पण आपलं आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन हे डाइव्ह बॉम्बर उडवत. सातव्याचे प्रमुख होते प्रताप चंद्र लाल, १९७१ च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते तेच. या विमानाचे पंख धडाला शून्य कोनात जोडलेले. त्यामुळे अगदी उभं, ९० अंशांत खाली येताना पंख विमानाला बाजूला ओढत नसत, नेम सरळ राही. किंमत अशी की सपाट उडताना नाक वर ठेवून उडावं लागे आणि समोरचं नीट दिसत नसे.

बंगळूरकर_जोशी

चाचणीचा विषय निघालाय म्हणून. मी रोज सुरंजन दास रस्त्याने ऑफिसला जातो. सहा वर्षं गेलो, नाव कोणाचं ते ठाऊक नव्हतं. मग वाचलं.

विंग कमांडर सुरंजन दास ब्रिटनच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेत शिकून आले होते. जर्मन डिझायनर कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि एचएएलमध्ये मारुत या लढाऊ जेट विमानाचं काम सुरू झालं. इंजिन बसवायच्या आधी त्यांनी काय केलं? खऱ्या मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं. डकोटा विमानाने ते ओढून वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. १९५९ पासून त्यावर उड्डाणं झाली, पंखांचा स्वभाव समजून घेतला, आणि १७ जून १९६१ ला दास यांनी मारुत पहिल्यांदा उडवलं. १० जानेवारी १९७० ला मारुतच्याच सुधारित नमुन्याची चाचणी करताना ते गेले.

आता त्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की पाटीकडे लक्ष जातं.

सुप्रिया_क

🙏

शंकेखोर

चाचणीतल्या माणसांबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे, ते आधीच सांगतो. जॉन डेरीने सप्टेंबर १९४८ मध्ये सूर मारत ध्वनीचा वेग ओलांडला, ब्रिटनमध्ये पहिला. ६ सप्टेंबर १९५२ ला फार्नबरोच्या प्रदर्शनात त्याचं डीएच ११० विमान हवेतच फुटलं. तो, त्याचा सहकारी आणि खाली बघायला आलेले २९ लोक गेले.

आबांचं वाचून माझं मत थोडं हललं. मी डाइव्ह बॉम्बिंग म्हणजे स्टुकाचा तो उभा सूर एवढंच धरून बसलो होतो. आबा सांगतात ते ३०-४० अंशांचं जेटमधलं काम आहे, ते टिकलं यात वाद नाही. पण ६०-७० अंशांचा जुना प्रकार जेटने संपवला, हे अजून म्हणतो. जेटचा वेग आवरत नाही.

इतिहासवेडा

एवढं मान्य. 🙂 आणि १९५० च्या दशकात याच स्कायरेडरना अणुबॉम्बसाठी पूर्ण वेगळी कसरत शिकवली. जमिनीलगत यायचं, एकदम वर चढायचं, चढता चढता बॉम्ब वर भिरकावायचा आणि उलटं होऊन आल्या वाटेने पळायचं. बॉम्ब वर जाऊन खाली येईपर्यंत जेवढं दूर जाता येईल तेवढं जायचं.

सुप्रिया_क

म्हणजे तिथे उंची जमिनीच्या भीतीने नाही, बॉम्बच्याच भीतीने ठरायची?

मेकॅनिकल_मन

सुप्रिया, अगदी नेमकं पकडलंस, आणि मुक्ताच्या बाबांच्या प्रश्नाचा राहिलेला भाग हाच आहे. साध्या बॉम्बलाही ते लागू. जमिनीला न आपटता वर येण्यासाठी एक किमान उंची लागते, ती विमानाच्या चाचणीतून येते. आपल्याच बॉम्बचे तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून दुसरी किमान उंची लागते, ती बॉम्बच्या चाचणीतून येते. दोन्हींतली मोठी ती घ्यायची, आणि वर माणसाच्या उशिरासाठी थोडी भर. आबांच्या २५ पौंडीला दुसरी अट जवळजवळ नाही, म्हणून सरावात मुलांना खाली यायचा मोह होतो. खऱ्या बॉम्बला तसंच गेलं तर स्वतःच्याच तुकड्यांत शिरणार.

वास्कोचे_आबा

बरोबर. म्हणूनच सरावातही खऱ्या बॉम्बचीच मर्यादा लावायचे. मुलं कुरकुरायची. १९७१ च्या डिसेंबरात आमच्या आधीच्या बॅचने 'विक्रांत'वरून सी हॉक कॉक्स बझार आणि चितगावला नेले, तेव्हा खाली खऱ्या तोफा होत्या. त्यातले दोघं पुढे आम्हाला शिकवायला होते. सांगायचे, हात सवयीने चालले, उंचीचा काटा बघायची आठवण वेगळी करावी लागली नाही.

मुक्ता_सॅनडिएगो

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. बाबांनी वही घेऊन मेकॅनिकल_मन यांचं गणित परत केलं, ३७० ऐवजी ३७३ आले, तेवढ्यावर खूश आहेत. काजळीच्या काचेचं वाचून मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ती काच खाली उतरून हातात घेणारा पहिला माणूस मला बघायला आवडला असता.

शनिवारी परत मिडवेवर जातोय. ते आजोबा असतात का विचारून ठेवलंय, असतात. बाबांना चाकांमागचे ब्रेकही बघायचेत. आणि डिसेंबरात ते दोघं भारतात परतल्यावर गोव्याला जायचं म्हणतात. आबा, सी हॉक अजून बघायला मिळतं का तिथे?

वास्कोचे_आबा

मिळतं ना. दाबोळीला बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, बाहेर अंगणात उभं आहे. बाबांना सकाळी लवकर आणा, दुपारी पत्रा तापतो. मी येतो बरोबर. पंखाखाली बॉम्ब कुठे अडकवायचो ते हात लावून दाखवीन.